रात्री बंद पडला तर

दृष्टिहीन मुलासाठी संगणक घ्यायचं ठरलं की घरातली माणसं आधी किंमत विचारतात. ते साहजिकच आहे. मुखेड किंवा निलंग्याकडच्या कोरडवाहू घरात असा खर्च सोयाबीन विकून आलेल्या पैशातून निघतो, आणि त्या पैशाला आधीच दहा वाटा फुटलेल्या असतात. पण नांदेड-लातूर भागातल्या मुलामुलींना लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारे बोलके संगणक लावून देता देता किमतीपेक्षा वरचढ असा एक प्रश्न माझ्या मनात येऊन बसला आहे. रात्री अकरा वाजता हा संगणक बंद पडला, वसतिगृहाच्या खोलीत डोळस कुणीच नाही आणि सकाळी निबंध द्यायचा आहे, तर त्या मुलाने काय करायचं?

मुंबई-पुण्यात या प्रश्नाला थोडंफार उत्तर आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र चालतं, अंधांसाठी काम करणाऱ्या नॅबसारख्या जुन्या संस्था आहेत, जाणकार मित्र लोकलच्या अंतरावर असतात. आमच्याकडून पनवेल एक्स्प्रेस पकडली तर परभणी, परळी, लातूर करत पुणं गाठेपर्यंत रात्र उलटते. म्हणून यंत्र जवळच्या दुकानात जातं. दुकानदार सहसा भला माणूस असतो, अशा मुलांकडून पैसेही कमीच घेतो. पण त्याच्याकडे हमखास इलाज एकच, फॉरमॅट मारणं. संगणक नव्यासारखा होऊन परत येतो, सगळं जागच्या जागी असतं, फक्त बोलणारा प्रोग्राम गेलेला असतो. तो परत कसा चढवायचा हे दुकानात ठाऊक नसतं. मुलाला ठाऊक असलं तरी ते करायला आधी संगणक बोलावा लागतो.

या बोलण्यामागे काय चालतं ते थोडं सांगायला हवं. हा बोलणारा प्रोग्राम म्हणजे स्क्रीन रीडर. तो पडद्यावरचं चित्र पाहत नाही. प्रत्येक प्रोग्रामने आपली बटणं, याद्या, मजकूर यांची नावानिशी नोंद पडद्यामागे ठेवायची असते. स्क्रीन रीडर ती नोंद उचलतो आणि आवाज तयार करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे देतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने बटणाला नाव दिलेलं नसेल तर कानावर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ पडत राहतं, आणि त्यातलं कोणतं पैसे पाठवण्याचं आणि कोणतं रद्द करण्याचं हे कळायला मार्ग नसतो. प्रोग्राम, स्क्रीन रीडर, आवाज आणि शेवटी कानाला लावलेला हेडफोन, अशी ही साखळी आहे. तिची कुठलीही कडी निखळली तरी माणसाला एकच गोष्ट कळते: आवाज बंद.

आपल्याकडच्या अंध विद्यार्थ्यांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेला स्क्रीन रीडर म्हणजे जॉज. अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकी मोटारसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांच्या कंपनीने तो १९८९ मध्ये डॉससाठी बाजारात आणला. उत्तम प्रोग्राम आहे, पण विकत घ्यायचा तर हजारो रुपये लागतात. विकत न घेता चालवला तर चाळीस मिनिटांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. त्या चाळीस मिनिटांच्या तालावर अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत. घड्याळ न पाहता त्यांना वेळ संपत आल्याचं कळतं आणि लिहिलेलं आधीच जपून ठेवायला हात आपोआप जातो. उरलेले चोरून फोडलेली प्रत चालवतात. शिकण्यासाठी चोरी करावी लागणं ही या मुलांची लाज नव्हे, आपली आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण समजा पैसे असले आणि प्रत रीतसर विकत घेतली, तरी रात्रीचा प्रश्न सुटत नाही. विंडो-आइज हा जॉजचा जुना प्रतिस्पर्धी होता. त्याची कंपनी दुसरीत, दुसरी तिसरीत विलीन झाली आणि २०१७ मध्ये तो बंद करण्यात आला. ज्यांची बोटं त्याच्या कळांना सरावली होती त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. लिनक्सवरच्या ऑर्का या स्क्रीन रीडरची गोष्ट मला याच्या शेजारी ठेवून पाहावीशी वाटते. ऑर्का सन मायक्रोसिस्टिम्सने तयार केला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि या कामावरची माणसं कमी केली. म्हणजे ऑर्कावरही तोच प्रसंग आला होता. फरक इतकाच की त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. दृष्टिहीनांना तंत्रज्ञान शिकवण्याचं काम करणाऱ्या जोनमरी डिग्ज यांनी त्याची धुरा उचलली आणि तो आजही चालतो आहे. ओपन सोर्स म्हटलं की लोक ‘फुकट’ असं ऐकतात. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मालकाने हात काढून घेतला तरी वस्तू मरत नाही आणि बिघडली तर ती कुणालाही उघडता येते.

विंडोजवरही याच वाटेने एनव्हीडीए आला. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, जेम्स टे हा तसाच अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि आज जगभर तो विनामूल्य वापरला जातो. म्हणून विंडोज सोडा असा हट्ट मी कुणापाशी धरत नाही. एमएस-सीआयटीचे वर्ग, बँका, परीक्षा केंद्रं, सगळीकडे विंडोजच असतं आणि नोकरी तिथेच करायची आहे. मुलांनी एनव्हीडीए शिकलाच पाहिजे. घरच्या, स्वतःच्या संगणकावर मात्र मी लिनक्सचा आग्रह धरतो, कारण तो पहिल्या क्षणापासून बोलतो.

हा पहिला क्षण सविस्तर सांगण्यासारखा आहे. डेबियन हे लिनक्सचं एक जुनं, १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेलं वितरण. त्याचा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की पर्यायांची यादी तयार झाल्याची खूण म्हणून बीप वाजतो. तेव्हा इंग्रजी एस दाबून एंटर मारलं की संगणक बोलू लागतो आणि पुढचा प्रत्येक प्रश्न वाचून विचारतो. काहीच दाबलं नाही तरी अर्ध्या मिनिटाने तो आपण होऊन बोलका मार्ग धरतो. म्हणजे काय दाबायचं हे ठाऊक नसलेल्या माणसाचाही विचार कुणीतरी केला आहे. फ्रान्समध्ये बोर्दोला शिकवणारे सॅम्युएल तिबो आणि त्यांच्या सोबत्यांनी हे काम वर्षानुवर्षं नेटाने केलं. एकदा असं बोलत बोलत डेबियन बसवलं की ऑर्काही त्यात आपोआप येतो.

याची कसोटी लागली ती आवाज भलतीकडे गेल्यावर. आम्ही घेतो ते संगणक कार्यालयांतून निघालेले जुने डेस्कटॉप असतात. चार जीबी मेमरी असली की माटे नावाच्या हलक्या डेस्कटॉपसह काम भागतं. अशा यंत्रात आवाजाला जायला दोन वाटा असतात. एक हेडफोनच्या भोकातून आणि दुसरी मॉनिटरच्या एचडीएमआय केबलमधून. मॉनिटरला स्पीकर नसला आणि संगणकाने ती वाट धरली, तर तो बोलत असतो आणि ऐकू कुणालाच येत नाही. देगलूरकडचा बी.ए.चा एक विद्यार्थी मला फोनवर म्हणाला, “सर, हे बोलायलंय का नाही तेच कळंना झालंय. पंखा फिरायलाय, बाकी चिडीचूप.” डेबियनच्या प्रतिष्ठापनात याची सोय आहे. एकाहून जास्त साउंड कार्डं सापडली तर प्रत्येकातून आळीपाळीने आवाज काढला जातो, आणि ज्यातून ऐकू येईल त्या वेळी एंटर दाबायचं असतं. मी त्याला तेवढंच सांगितलं. त्या रात्री त्याने जुनं सगळं पुसून नव्याने डेबियन बसवलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि मी तेव्हा लातुरात होतो. सकाळी त्याने संदेश पाठवला तो त्याच संगणकावर टंकलेला होता. इतक्या वर्षांच्या कामात मला सर्वांत जास्त समाधान त्या संदेशाने दिलं. त्या मुलाला संगणक मिळाला होता आधीच, पण तो त्याचा झाला त्या रात्री.

टंकनाचं म्हणाल तर दृष्टिहीन मुलांसाठी इन्स्क्रिप्ट कळफलकाइतका चांगला मराठी कळफलक मला दिसत नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, काना-मात्रा-वेलांट्या ठरलेल्या जागी. कळफलकावर ज्या दोन कळांना बोटाला लागणारा उंचवटा असतो, तिथे डाव्या बोटाखाली ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजव्याखाली र. एकदा ही घरं सापडली की बाकीचं गाव आपोआप सापडत जातं. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारे मार्ग डोळस लोकांना सोपे वाटतात, पण त्यात सुचवलेल्या शब्दांच्या यादीतून निवड करावी लागते आणि दर शब्दाला ती यादी ऐकत बसणं फार थकवणारं असतं.

ज्यांचं बालपण ब्रेल पाटीवर गेलं त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे. केरळातल्या प्रोग्रामरांनी लिनक्ससाठी अशी व्यवस्था लिहिली की साध्या कळफलकावरच्या एफ, डी, एस आणि जे, के, एल या सहा कळा ब्रेलचे सहा बिंदू होतात. पर्किन्स ब्रेलरवर जसं अनेक बोटं एकदम दाबून एक अक्षर उमटवतात तसंच इथेही. त्यात एक बारीक अडचण आहे. स्वस्तातले पुष्कळ कळफलक सहा कळा एकदम दाबल्या तर त्यातल्या एकदोन गिळतात. म्हणून दुकानात कळफलक घेताना या सहा कळा एकत्र दाबून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता आवाजाकडे येतो, कारण माझं आणि मुलांचं सर्वांत जास्त बोलणं त्यावरच होतं. लिनक्समध्ये मराठी ऐकू येते ती ई-स्पीक या प्रोग्राममधून. इंग्लंडच्या जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये त्याचा पहिला अवतार लिहिला होता. आज ई-स्पीक एनजी या नावाने तो शंभराहून अधिक भाषा बोलतो आणि काही एमबींत मावतो. डोळस माणूस तो पहिल्यांदा ऐकतो तेव्हा म्हणतो, काय हा खडबडीत, यांत्रिक आवाज. पालक तर हमखास विचारतात की मोबाइलसारखा गोड आवाज नाही का मिळणार. पण मुलांना गोडवा नको असतो, वेग हवा असतो. मूळचा वेग मिनिटाला १७५ शब्दांचा, तो ४५० पर्यंत नेता येतो आणि तिथेही शब्द शब्दापासून सुटा राहतो. सरावलेला विद्यार्थी अशा वेगाने इतिहासाचं प्रकरण ऐकत असतो तेव्हा शेजारी बसलेल्या मला त्यातलं अक्षरही कळत नाही. देगलूर-बिलोलीच्या बाजूला एकाच खोलीत मराठी, उर्दू आणि तेलुगू माध्यमातून आलेली मुलं असतात. त्या तिन्ही भाषा हाच आवाज बोलतो, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याची मराठी चुकतेही. आपल्या लिपीत ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च एकाच अक्षराने लिहितात; वाचणाऱ्याला तो फरक आईच्या बोलण्यातून मिळालेला असतो, यंत्राला कुणीतरी सांगावा लागतो. गावांची नावं, आडनावं, ‘जि. प.’सारखे संक्षेप यांतही तो अडखळतो. पण हे सांगायची जागा उघडी आहे. ई-स्पीकमध्ये मराठीसाठी साध्या मजकुराच्या दोन फायली आहेत. एकीत उच्चाराचे नियम आहेत आणि दुसरीत अपवाद व आकड्यांची नावं. त्यांत ओळ वाढवायची, एक आज्ञा देऊन ती फाइल पुन्हा बांधायची, की आवाज सुधारतो. वर्षानुवर्षं सहन केलेली एखादी चूक मुलाने स्वतः दुरुस्त केली आणि पुढच्याच क्षणी यंत्राने तो शब्द बरोबर उच्चारला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहायला मिळावं म्हणून मी हे काम करतो असं म्हटलं तरी चालेल.

संगणक बोलू लागला, टंकन आलं, तरी वाचायचं काय हा प्रश्न उरतो, आणि या बाबतीत आपण सगळे मिळून या मुलांवर मोठा अन्याय करतो आहोत. लातूरचा ट्यूशन एरिया सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिथे नोट्सचा, प्रश्नसंचांचा, चालू घडामोडींच्या पुस्तिकांचा महापूर असतो. त्यातलं पुष्कळसं पीडीएफ म्हणून मोबाइलवर फिरतं. पण मजकूर कृतिदेव किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो. या फॉन्टमध्ये अक्षरं दिसायला मराठी आणि आतून इंग्रजी असतात. डोळ्यांना ‘लातूर’ दिसतं, तिथे संगणकाच्या लेखी वाय, के, आर, डब्ल्यू, जे ही पाच अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. ‘नांदेड’चं यू, के, ए, एन, एस, एम होतं. पानंच्या पानं असं ऐकून पाहा. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी टंकणाऱ्याची बोटं जुन्या फॉन्टला सरावली आहेत आणि छापून चांगलं दिसतं म्हणून कुणाला बदलावंसं वाटत नाही. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, फक्त टंकणाऱ्याने एक सवय बदलायची आहे. नोट्स विकणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मी हे हात जोडून सांगतो.

उरलेला मजकूर फोटोच्या रूपात असतो, झेरॉक्सवरून काढलेल्या स्कॅनचा. तिथे टेसरॅक्ट कामाला येतो. एचपी कंपनीत जन्मलेला आणि २००५ मध्ये खुला झालेला हा प्रोग्राम चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवतो, त्याला मराठी येते, आणि केरळच्या नलिन सत्यन यांनी लिहिलेल्या लिओस या प्रोग्राममधून दृष्टिहीन माणसाला तो स्वतः चालवता येतो. पान स्वच्छ छापलेलं असेल तर निकाल चांगला मिळतो. हस्ताक्षरातल्या नोट्सपुढे तो हरतो, आणि तिथे अजून मित्रानेच वाचून दाखवावं लागतं.

ऐकून शिकण्याला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. आता मुलं ब्रेल न शिकता थेट मोबाइलच्या आवाजावर वाढू लागली आहेत. ती हुशार असतात, भरपूर ऐकतात, बोलायला लागली की थक्क करतात. लिहायला लागली की मात्र ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच होतात. वेगाने ऐकताना ऱ्हस्व-दीर्घ कानाला जाणवत नाही, शब्द कुठे तुटतो आणि कुठे जोडून लिहितात तेही नाही. बाणाच्या कळेने अक्षर-अक्षर वाचून ते कळतं, पण रोजच्या वाचनात इतकं थांबायला कुणाला सवड असते? ब्रेलवर बोट फिरवणाऱ्याला वेलांटी बोटाला लागते. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल पद्धत ठरली, आणि आज लिबलुई या खुल्या प्रोग्राममधून मराठी मजकुराचं ब्रेल करता येतं. बोलका संगणक आला म्हणून ब्रेल पाटी अडगळीत टाकणाऱ्या शाळांचा हा निर्णय मला अजिबात पटत नाही. भाषा कानाने येते, लेखन बोटाने येतं, आणि मुलांना दोन्ही हवं.

कायद्याने बरंच दिलं आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माहिती-तंत्रज्ञान सुगम असलं पाहिजे असं म्हणतो. सरकारी पदांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला, आणि तिथे दाद मागणाऱ्यांत अमर जैन हे स्वतः दृष्टिहीन असलेले वकील होते. तरी अर्जाच्या शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र येतं आणि ‘हे वाचून खाली लिहा’ असं सांगतं, तिथे आमच्या मुलांचं बोट थांबतं. पण दुसऱ्यांनी सोय करून देण्याची वाट पाहत बसणं हा एकच मार्ग नाही. मुंबईचे कृष्णकांत माने स्वतः पाहू शकत नसताना प्रोग्राम लिहीत आणि त्यांच्या पुढाकारातून जीएनयूखाता हे खुलं हिशेबाचं सॉफ्टवेअर उभं राहिलं. त्यांची गोष्ट मी नव्या मुलांना मुद्दाम सांगतो. आपण फक्त वापरणारे आहोत ही समजूत फार लवकर घट्ट होते.

औशाकडची एक विद्यार्थिनी सध्या ई-स्पीकच्या अपवादांच्या फाइलवर काम करते आहे. यंत्र चुकीचं उच्चारतं तो शब्द ती लगेच टिपते, रविवारी आम्ही फोनवर एकेक शब्द ऐकतो, आणि जे नक्की ठरतं ते ई-स्पीकचं काम पाहणाऱ्यांकडे पाठवण्यासाठी वेगळं काढतो. दोन्ही जिल्ह्यांतल्या तालुक्यांची नावं झाली. तिचा देगलूरचा मित्र त्याच्या बाजूची तेलुगू वळणाची गावं जमवतो आहे. यानंतर काय घ्यायचं ते तिने ठरवून ठेवलं आहे: फेरफार, पोटखराबा, गट क्रमांक, भोगवटादार. घरचा सातबारा तिला वडिलांकडून वाचून घ्यायचा नाही.